तगादा

पडद्यावर एका मेंदूचं चित्र होतं आणि त्यात जागोजागी पिवळे ठिपके लुकलुकत होते.

"हा माझा मेंदू. आत्ता, या क्षणीचा," अशफाक शेख म्हणाले. "हा ठिपका बहुधा गाडीच्या विम्याचा. हा अम्मीच्या मोतीबिंदूचा. बाकीचे कशाचे आहेत, मलाही ठाऊक नाही."

नागपूरबाहेरच्या त्या संस्थेत अशफाक यंत्रं घडवत आणि डॉ. हेमांगी देवतळे मेंदूविज्ञान विभाग सांभाळत असे. ती पडद्याजवळ सरकली.

"म्हणजे प्रत्येक अर्धवट काम इथे दिसतं?"

"दिसतं आणि टोचतंही. एखादं काम मनावर घेतलं की पेशींचा एक पुंजका जागा होतो आणि काम होईपर्यंत मागे लागतो. आम्ही त्यांना तगादापेशी म्हणतो. काम उरकलं की मेंदू स्वतःच 'झालं' असा संकेत देतो आणि पुंजका झोपी जातो. माणूस कामानं दमत नाही हो, या तगाद्यांनी दमतो."

"आणि तुमची निवांतपट्टी?"

"ती खोटाच पूर्तिसंकेत देते. सकाळी तुम्ही एक काम निवडायचं. तेवढं जागं राहतं, बाकी सगळी झोपतात. मध्येच नवं काही उपटलं तर पट्टी त्यालाही झोपवते. हातातलं खरोखर संपलं की रांगेतलं पुढचं उठतं."

"मग माणूस विसरतो?"

"छे! सगळं आठवतं, सगळं कळतं. फक्त टोचत नाही."

पहिली पट्टी हेमांगीनं स्वतःच्याच कपाळाला बांधली. तिला तिची गरज होती. विभाग, विद्यार्थी, हैदराबादला शिकणारी मुलगी मिथिला आणि घरी अर्धांगवायूनं खिळलेले बाबा. मागच्याच महिन्यात बँकेत सही करताना आपली सही कशी असते तेच तिला आठवेना आणि ती खिडकीसमोर उभ्याउभ्या रडू लागली होती.

पट्टीनं तिचे दिवस पालटले. जेवताना तिला भाकरीची चव लागू लागली. काम एकामागून एक हातावेगळं होई.

"हेमा, तू आज गुणगुणत होतीस," एकदा बाबा अडखळत म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं."

अशफाकनीही पट्टी बांधली. निवडक लोकांना ती वापरायला दिली, तेही खूश होते. ती बाजारात आणायला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला सरकारी समिती बसणार होती.

समिती बसायच्या काही दिवस आधी एकदा बाबांची परिचारिका आली नाही. हेमांगी घरीच थांबली. समितीसाठीच्या शोधनिबंधाचा शेवटचा भाग, हे तिनं निवडलेलं काम. बाबा पलीकडच्या खोलीत होते आणि मधलं दार उघडं होतं.

दुपारी पेला पडल्याचा आवाज आला. मग खोकल्याची उबळ.

"हेमा!"

तिनं ऐकलं. बाबांनी एका हातानं पाणी प्यायचा प्रयत्न केला आणि ते श्वासनलिकेत गेलं, हे तिला कळलं. धावत जाऊन त्यांना कुशीवर वळवायचं, हेही कळलं. उठायला हवं, असं मनात आलं आणि पाण्यात मीठ विरघळावं तसं विरघळून गेलं. बोटं लिहीत राहिली.

"हेमा..."

हा परिच्छेद छान जमतोय, असं तिला वाटलं.

निबंध संपला. रांगेतलं पुढचं काम विजेच्या तक्रारीचं होतं. तिनं फोन केला, तक्रार नोंदवली. मग बाबांची पाळी आली आणि एका क्षणात तिच्या काळजाचं पाणी झालं. ती धावली. छाती दाबली, हाका मारल्या, शेजाऱ्यांना ओरडून बोलावलं. बाबांचा हात केव्हाच गार पडला होता.

दुसऱ्या सकाळी हेमांगीनं अंत्यसंस्कार हे काम निवडलं आणि ते उरकले. अशफाक भेटायला आले. हैदराबादहून आलेल्या मिथिलानं दोघांपुढे चहा ठेवला.

"पट्टीमुळे झालं हे," हेमांगी म्हणाली. "ती थांबवायला हवी."

"हवीच," अशफाक म्हणाले आणि चहावर फुंकर घालू लागले.

मिथिला आळीपाळीनं दोघांच्या कपाळाकडे बघत राहिली.

"मग तुम्ही ती काढत का नाही?"

"काढायची आहे ना," हेमांगी शांतपणे म्हणाली.

मिथिलानं पुढे होऊन आईच्या कपाळाची पट्टी ओरबाडून काढली. मग अशफाकची.

हेमांगी ताडकन उठली. "आले, बाबा!" पलीकडच्या खोलीत जाऊन तिनं रिकाम्या पलंगावरची उशी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मिथिलानं तिला बाहेर आणून बसवलं. घोटभर पाणी पोटात जायच्या आत ती पुन्हा उठली. "हाक मारताहेत गं! सोड मला!"

अशफाकचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्या हाकेचा पुंजका जागा झालाय," ते पुटपुटले. "आणि ते काम आता कधीच पूर्ण होणार नाही. त्याला झोपवणारा संकेत येणार कुठून?"

"काका, उद्या समिती बसतेय. तुम्ही बोला."

"मी बोलतो."

"तुम्ही तिथे नव्हता," हेमांगी हुंदके आवरत म्हणाली. "मी ऐकत बसले होते. ते मीच सांगायला हवं. आणि असं मला बोलता यायचं नाही. समितीला सांगायचं, एवढं एकच काम निवडा आणि बांधा पट्टी."

मिथिलानं ती बांधली.

समितीपुढे हेमांगी उभी राहून बोलली. पेला पडला तो आवाज, पहिली हाक, दुसरी हाक, मनात आलेला आणि विरलेला विचार, सगळं तिनं क्रमानं सांगितलं. एक शब्द चुकला नाही की आवाज कापला नाही.

ती खाली बसताच अशफाक उठले. "साहेब, घराघरात माणसं मरतील! आजारी माणसं, तान्ही बाळं..." त्यांचं पुढचं वाक्य रडण्यात तुटलं.

"शेखसाहेब, बसा. तुम्ही भावनेच्या भरात आहात," अध्यक्ष मायेनं म्हणाले. "बाईंकडे बघा जरा. वडील नुकतेच गेलेत, आणि किती मुद्देसूद बोलल्या त्या! त्या हाका पट्टीमुळे निसटल्या की थकव्यामुळे, हे सिद्ध कुठे होतंय? ही पट्टी माणसाला किती सावरते, ते मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिलं." ते हेमांगीकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा. यंत्र थांबवावं असं तुम्हाला वाटतं?"

हेमांगीनं स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. समितीला सांगायचं काम खरोखरच पूर्ण झालं होतं. त्याचा पुंजका आपोआप झोपला होता, पट्टीला त्यासाठी काही करावंही लागलं नव्हतं.

"थांबवायला हवं हे मला कळतं," ती म्हणाली. "वाटत मात्र काहीच नाही."

समितीत कौतुकाची कुजबुज झाली. अध्यक्षांनी मान डोलावली आणि मंजुरीवर सही केली. त्या सहीनं काय होणार आहे, हे हेमांगीला नीट कळत होतं. मागे मिथिला हुंदके देत होती, तेही तिला ऐकू येत होतं.

तेवढ्यात रांगेतलं पुढचं काम जागं झालं. हेमांगीनं फोन काढला आणि ती मिथिलाचं हैदराबादचं तिकीट बघू लागली.