बडबड्या पेशंट

कुणीतरी आपला दंड आवळतंय, असं वाटून त्याला जाग आली. पलंग दुरुस्त करायला तो नर्सिंग कॉलेजच्या सरावखोलीत आला होता. गादी कशी वाटते बघू म्हणून आडवा झाला, चादर ओढली, आणि भरल्या पोटी डोळा लागला!

"अहो, निदान विचारायचं तरी!"

"अगं बाई!" रक्तदाबाचा पट्टा तिच्या हातातून सुटला. "मला वाटलं... सरावाचा बाहुला!"

"बाहुल्याचा हात गरम असतो होय?"

ती खळखळून हसली. आणि हसता हसता डोळे भरून आले की हो तिचे! मागच्या वेळी प्रात्यक्षिकात हेच झालं होतं. सगळं बिनचूक केलं, पण पेशंटशी अवाक्षर नाही. परीक्षक बाईंनी सरळ नापास केलं. पुढच्या महिन्यात शेवटची संधी. हुकली, तर लहान मुलांच्या वॉर्डातली तिच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

"मग माझ्यावर सराव करा," तो म्हणाला. "माझं तोंड काही बंद राहत नाही."

जेवणाच्या सुट्टीत तो आडवा व्हायचा आणि नाना सोंगं करायचा. कधी चिडका, कधी रडका. "सुई नको, मला घरी जाऊ दे!" सुरुवातीला तिची बोबडी वळायची. मग हळूहळू...

"काका, थोडं थंड लागेल हं."

"काका?"

"सत्तरीचे आहात ना आज? गप पडा!"

तो गप पडला. उशी सारखी करताना, मनगटावर बोटं टेकवताना, तिचे हात किती हलके चालायचे! याची नाडी मात्र उगाच धावायची.

"वाढलीये," ती भुवई उंचावून म्हणाली.

"पेशंट घाबरलाय..."

"कशाला?"

त्याने डोळे मिटून घेतले. परीक्षा झाली की ही वॉर्डात जाणार, मग कसली भेट!

परीक्षेच्या दिवशी त्याच्या हातून एकही स्क्रू धड बसेना. संध्याकाळी वर्कशॉपच्या दारात ती उभी. धापा टाकत.

"एक आजी होत्या. कुणालाच हात लावू देत नव्हत्या. मी आधी शेजारी बसले, त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्या... मग त्यांनीच हात पुढे केला. पास झाले!"

"वा, सिस्टर!" त्याचा ऊर भरून आला. मग मान खाली घालून तो पुटपुटला, "म्हणजे आता... माझी गरज संपली."

"संपली."

तो कसनुसा हसला. ती एक पाऊल पुढे आली.

"गरज होती तोवर सांगायची चोरी होती. वाटलं असतं, कामापुरतं गोड बोलतेय. आता काही काम नाही तुझ्याकडे. तरी धावत आलेय..."

बडबड्याला काही केल्या शब्द सापडेना. त्याने नुसता हात पुढे केला.