दानम्मानं कुणाला हाक मारली

भिंतीपलीकडं रहाट एकदा करकरला आणि थांबला.

भर दुपार होती. पुरुष गिरणीत, बायका आडव्या झालेल्या, नळ कोरडा. वैशाखात आमच्या चाळीत त्या वेळी कावळासुद्धा ओरडत नाही. सोनी माझ्या मांडीवर झोपली होती. मी पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपत होते, तो हात तिथंच राहिला. पलीकडची खोली दानम्माची. तिथं बसून ती रहाटावर सुताच्या कांड्या भरायची, लेकाच्या हातमागासाठी. आता त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली पोलिसांकडं.

उंदीर असेल, मी म्हटलं. उंदरानं रहाट फिरतो का, हे कुणाला विचारायचं?

दानम्माला पळवलं ते मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. मी सोनीला तिच्यापाशी ठेवून बाजाराला गेले होते. नेहमीच ठेवायची. म्हातारीचा पोरीवर भारी जीव. ती आपल्या कन्नडात बोलायची, पोरगी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नाही. मी पिशवी घेऊन परतले तेव्हा चाळीत कालवा चालला होता आणि सोनी दानम्माच्या उंबऱ्यावर एकटीच बसली होती, गप. मी तिला उचलून छातीशी धरलं. बायका काय काय सांगत होत्या. माझी पोर मागं राहिली, एवढंच मला कळलं.

पाहिलं होतं एकट्या राजाबाईनं, नळावरून. चाळीच्या तोंडाशी छकडा उभा. छकड्याशी एक माणूस, एवढ्या उन्हात डोक्यावरून घोंगडी ओढलेला. तोंड काही दिसलं नाही.

"त्येनं नुसता हात केला बगा, आन् म्हातारी निघाली की! निघाली ती 'बा, बा' करत. बापाला हाका मारत हुती बिचारी."

पोलिसांच्या जमादारानं तसंच लिहून घेतलं. म्हातारी बापाच्या नावानं ओरडत होती.

मग काय, गावाला विषय मिळाला. गोऱ्यांचा मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं तरी लोक चार भिंतींत दबकून बोलायचे. आता सगळ्यांचे आवाज परत आले. कुणी म्हणे, नव्या पुलाच्या पायात बळी द्यायला नेली. कुणी म्हणे, गळ्यातली लिंगाची डबी सोन्याची होती. कुणाच्या मेव्हण्यानं तिला होटगी स्टेशनात बाकावर बसलेली पाहिली, शेजारी घोंगडीवाला. मेलेला बापच न्यायला आला, असंही एक होतंच. आणि हे सगळं सांगून झालं की आवाज उतरवून शेवटचं: लेकानंच काढून दिली. पलीकडच्या आळीत राहणारा तिचा लेक चनमल्लप्पा नळावर आला की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तो बिचारा रिकामी घागर घेऊन माघारी जायचा.

कोपऱ्यावरचा ज्ञानबा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करता करता म्हणाला, "सत्तरीच्या म्हातारीला पळवून करनार काय? तिला भाकर चावायला दात न्हाईत."

"तुझ्या वस्तऱ्याला तरी कुटं धार हाय?" गिऱ्हाईक म्हणालं. "तरी मानसं येत्यातच की."

रस्ताभर हसू झालं. मी सोनीला घेऊन तशीच पुढं निघाले. मला हसू येत नव्हतं, कारण सकाळीच राजाबाई नळावर म्हणाली होती, "त्या वक्ताला तुझी पोर तितंच हुती. ज्येनं म्हातारी नेली, त्यो बघनारीला ठिवल व्हय?" त्या दिवसापासून सोनी नजरेआड होऊ दिली नाही. पाण्याला जाताना कडेवर, चुलीपाशी शेजारी. आत्ता लिहितानाही ती गुडघ्याला टेकून झोपली आहे.

रहाट करकरला त्या दुपारी मला घरात बसवेना. सोनीला उठवून राजाबाईच्या दारात गेले. ती सुपात तूर निवडत होती. सोनी पायरीवर चिंचोके मांडून बसली. विषय निघायचा तोच निघाला. एरवी राजाबाई सांगायची तेव्हा भोवती दहा बायका असायच्या आणि 'बा, बा' ती किंचाळून दाखवायची. आज मी एकटी होते.

"राजाक्का, लई ओरडली का हो ती?"

"वरडली म्हंजे…" तिचा हात सुपात फिरत राहिला. "न्हाय गं. वरडली कुटं. हळूच म्हनत हुती. 'बा… बा…' गोड आवाजात."

माझं माहेर अक्कलकोटाकडचं. आमच्या दारात अर्धं बोलणं कन्नडच. कन्नडात 'बा' म्हणजे 'ये'. आणि तेही कुणालाही म्हणत नाहीत. परक्या माणसाला, मोठ्या माणसाला 'बर्री' म्हणायचं. 'बा' म्हणायचं ते लेकराला.

दानम्मा बापाला हाक मारत नव्हती.

"तिच्या मागं कोण होतं, राजाक्का?"

राजाबाईनं सूप खाली ठेवलं. "कोन म्हंजे? तुझी सोनी की. म्हनून तर मी गलका केला न्हाय. म्हटलं, पोरीला घिऊन निघालीया कुटं देवाला."

"छकड्यात चढली?"

"म्हातारीनं काखेत धरून चढिवली. मी बघितली न्हवं! मग छकडा हालला. मी घागर उचलाया वळले, तर पोरगी उंबऱ्यावर. म्हटलं, ही कवा माघारी आली?"

"हे जमादाराला सांगितलंत?"

"त्येला काय सांगू? पोर तर घरात हाय की."

दोघींनी एकदमच पायरीकडं पाहिलं. सोनी चिंचोके वर फेकून झेलत होती.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि सोनीचे वडील, कुंडलिक, घरी आले. केसांत, भुवयांत कापूस बसलेला. मी सगळं सांगितलं. ते हातपाय धुता धुता हसले. "राजाबाईला ऊन लागलंय. आन् तुलाबी. जमादाराम्होरं कन्नडची साळा काढू नगंस."

पण टॉवेल खांद्यावर टाकून ते बराच वेळ सोनीकडं बघत राहिले. रोज आल्या आल्या तिला उचलून घेतात. त्या दिवशी घेतलं नाही.

दिवा लावला. सोनी भिंतीशी बसली होती, दानम्माच्या भिंतीशी.

"सोने, त्या दिवशी आजीनं तुला बोलावलं होतं?"

"मला न्हाय."

"मग कुणाला?"

"माझ्या मागं हुबी हुती, तिला."

"कोण गं ती?"

"सोनी," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाचं नाव सांगावं तसं.

दानम्मा दारातून म्हणायची तशी, तितक्याच हळू आवाजात मी म्हटलं, "सोनी, बा."

असं म्हटलं की पोरगी हातातलं टाकून धावायची.

तिनं मानही वर केली नाही.

"बा, सोनी."

चिंचोके खाली पडले. ते तिनं नीट वेचून घेतले.

मीच उठले. तिला मांडीवर घेतलं. कानामागं तोच तीळ होता. टाळूला तोच वास, खोबरेलाचा आणि उन्हाचा. हनुवटीवर पडल्याची तीच खूण. माझी होती. माझीच होती. मी तिला घट्ट धरून थोपटत राहिले. तिचे डोळे मिटले. श्वास संथ झाला.

मग तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं.

"आई, तू मला थोपटतीस. मग तिकडं तिला कोन थोपटतं?"