रिकाम्या जागा भरा

शाळेच्या तळमजल्यावर अर्थगाळणीची खोली होती. मुलांनी लिहिलेलं प्रत्येक पान आधी या यंत्रातून जाई, मगच आवारातल्या मोठ्या पडद्यावर हस्तलिखित म्हणून झळके. आज शिक्षणाधिकारी ते पाहायला यायचे होते. शाल्मली देवधर आठवड्यात तिसऱ्यांदा तिथे येऊन उभी होती.

"माझ्या ओवीनं एकच ओळ लिहिली होती. 'मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही.' त्यातली कडी तुम्ही का गाळलीत?"

"शाळेची बदनामी होते हो," मुख्याध्यापिका इनामदारबाई म्हणाल्या. "तक्रारपेटी आहे ना."

"पेटीला कुलूप आहे, बाई. कडी नाहीये ती संडासाला. पोरगी दिवसभर पाणी पीत नाही. दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झालाय. आणखी किती वेळा सांगू?"

बाईंनी यंत्र बनवणाऱ्या जुबेर तांबोळींकडे पाहिलं.

"गाळणी शब्द नाही, अर्थ तपासते," ते म्हणाले. "कडी गाळल्यावर मुलींनी 'कढी नाही' लिहिलं. दोन दिवसांत तिनं तेही ओळखलं."

"आणि पोषण आहाराच्या तक्त्यातली कढीपण खाल्ली," बाई कुरकुरल्या.

"मग आता तिथं काय आहे?" शाल्मलीनं विचारलं.

"मोकळी जागा. पण मुली ती बघूनही हसतात, म्हणजे अर्थ अजून तिथंच आहे. म्हणून बाईंनी सांगितलं, जागा भरा. आता गाळणी वाक्यात बसणारे शब्द शोधते आणि ओवीच्याच अक्षरात लिहून बघते. तक्रार निघाली की पुढचा शब्द."

"वाक्याच्या शेवटी 'नाही' आहे," शाल्मली म्हणाली. "काहीही घातलं तरी तक्रारच होणार."

तांबोळींनी समोरच्या काचेकडे बोट दाखवलं. तिच्यावर शब्द उमटत आणि पुसले जात होते. दार नाही. पाणी नाही. दिवा नाही.

"यातलं एकही खोटं नाही," शाल्मली म्हणाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात यंत्र थांबलं, हिरवी खूण उमटली, आणि पान वर आवारात गेलं.

शाल्मली जिना चढून धावली. परिपाठासाठी मुलं रांगेत उभी होती. शिक्षणाधिकारी मान वर करून वाचत होते, चेहऱ्यावर कौतुक. पडद्यावर ओवीचं किरटं, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं, आणि खाली तिचं नाव:

'मुलींच्या स्वच्छतागृहाला तोड नाही.'

"वा," ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

सातवीच्या रांगेतून मात्र कोणी टाळी वाजवली नाही. ओवीच्या पुढची मुलगी वळली.

"काय गं, तोड नाही होय? साहेब आले म्हणून?"

"मी नाही लिहिलं," ओवी म्हणाली.

"अक्षर तर तुझंच आहे की," ती म्हणाली आणि एक पाऊल पुढे सरकली.