कोऱ्या कागदाला चष्मा कशाला?

"पेटीला दोन कुलपं. एक किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी म्वालिमूंकडे, म्हणजे आमच्या गुरुजींकडे. म्हणून चोर मी!" नेरिआ संतापून म्हणाली.

सरोवराकाठच्या त्या गावी इस्पितळाला ऑक्सिजनच्या टाक्या घ्यायच्या होत्या. भावाची पाकिटं कुलूपबंद पेटीत जमली; चार पुरवठादारांची ती बंद पाकिटं सगळ्यांसमोर उघडली. शेवटच्या पाकिटातला भाव बाकीच्यांहून जेमतेम कमी निघाला. आतून भाव फुटला, असा बोभाटा झाला. सोमवारी नेरिआला बडतर्फ करणार होते.

गुप्तहेर अकुमूबाई चहा ढवळत राहिल्या. "पाकिटं कुणी वाचली?"

"मीच वाचत होते. म्वालिमू ओगोला खरेदी समितीचे प्रमुख, पण चष्मा घरी विसरलेले. 'तू वाच गं पोरी,' म्हणाले. मला हे काम त्यांनीच शिकवलं."

"आणि तुझी तक्रार?"

"त्यांनीच केली. अगदी जड मनाने, म्हणे."

पहारेकरी शपथेवर म्हणाला, "पेटीवरची लाख शाबूत होती, मॅडम."

हरलेला पुरवठादार वांडेरा कडवटपणे हसला. "शेवटचा आकडा म्हाताऱ्याने काय खणखणीत वाचला! काळीजच गोठलं माझं."

जिंकलेला पुरवठादार म्हणाला, "देवाची कृपा."

"देवाकडे किल्ली नाही," अकुमूबाईंचा मदतनीस ओपियो पुटपुटला. "म्हणजे हिचीच!"

दुसऱ्या दिवशी सगळे कार्यालयात जमले. टेबलावर चौथ्या पाकिटातला कागद होता आणि त्यावर ओगोलांचा तळवा.

"पेटी आधी कुणी उघडलीच नाही," अकुमूबाई म्हणाल्या. "तीन पाकिटं नेरिआने वाचली, कारण म्वालिमूंकडे चष्मा नव्हता. मग चौथं त्यांनी कसं वाचलं?"

ओपियोने कपाळावर हात मारला.

"भावाची जागा रिकामी होती. तीन भाव ऐकून चौथा यांनी मनानेच रचून सांगितला आणि नंतर कागदावर भरला. कोऱ्या कागदाला चष्मा कशाला? नाहीतर म्वालिमू, आता चष्म्याशिवाय वाचून दाखवा."

ओगोलांचा दुसरा हात चष्म्यासाठी खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला.

"नेरिआ, वाचलेला कागद सगळ्यांना दाखवल्यावरच सही करायची ना?"

नेरिआची मान खाली गेली. त्या दिवशीही तळवा असाच होता. तिने त्याच्या खाली सही केली. ज्यांनी हा नियम शिकवला, त्यांनाच 'दाखवा' कसं म्हणायचं? त्यांनी नेमका हाच मान विकून खाल्ला होता.

"पोरी, तू तरुण आहेस, तुला दुसरी नोकरी मिळाली असती," ओगोला म्हणाले.

नेरिआने मान वर केली.

"म्वालिमू, हात उचला."