पाणी ते पाणीच

“वहिनी, विमा आहे म्हणाला होतात ना? मग हे साहेब नाही का म्हणतायत?”

धाकट्या दिराचा आवाज चिखलाने माखलेल्या भिंतींवर आदळला, आणि कमरेएवढ्या उंचीवर पुराने ओढलेल्या तपकिरी रेघेकडे बघत ती नुसती उभी राहिली... किती वेळा सांगितलं होतं याला! पुढे दिराचं पुस्तकबांधणीचं दुकान, मागे घर, मधल्या खोलीत तिचं शिलाई मशीन. नवरा गेल्यापासून हा सारा डोलारा तिने एकटीने सावरला होता, आणि विम्याचा विषय निघाला की हा हात झटकायचा.

“भावजी, नळ फुटला तर ते वेगळं, नदी आत शिरली तर ते वेगळं! आपल्या घराच्या विम्यात पूर बसत नाही. त्याचा विमा निराळा काढावा लागतो, अन् दुकानाचा आणखी निराळा,” ती दर वेळी समजवायची.

“पाणी ते पाणीच ना, वहिनी!” म्हणून तो ताटात डोकं घालायचा. पुढे पुढे तर तिला ‘पूरबाई’च म्हणू लागला होता.

रबरी बूट घातलेल्या विमा तपासनिसाने कागद उलटला. “घराला पूरविमा नाहीच. पण दुकानाला आहे. यंत्रं, कागद, कातडं, सगळं त्यात बसतं. ही सही तुमचीच ना?”

“माझी? मी कधी केली?”

“जेवताना!” इतक्या दिवसांचा संताप अखेर तिच्या ओठांतून फुटला. “तीनदा म्हटलं, वाचा. तुम्ही न वाचता सही ठोकलीत, वर तेलाचा डाग पाडलात!”

“मग घराचा का नाही काढलात?”

तपासनीसच हळू आवाजात म्हणाला, “आमचा एजंट सांगत होता, बाई म्हणाल्या होत्या, यंदा एकच जमेल... तर दुकानाचा करा.”

दिराची नजर मधल्या खोलीकडे गेली. ज्या मशीनवर लोकांचे कपडे शिवून तिने त्याला शिकवलं, ते गाळात आडवं पडलं होतं... चाकात शेवाळ, सुईला अजून कुणाच्या तरी बाहीचा दोरा! तो मटकन खाली बसला.

“उठा आधी! ती पँट धुवायला पुन्हा मीच आहे!”

तो उठला नाही. अंगातला सदरा काढून तो मशीनच्या चाकावरचा गाळ पुसू लागला. डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या होत्या.

“वहिनी... पाणी ते पाणीच नसतं हो!”

तिने मनगटाने डोळे कोरडे केले.

“कळलं एकदाचं!... पण त्यासाठी नदीला घरी यावं लागलं.”