मिसेस हॅल्व्हर्सनचं परसदार

२००६चा नोव्हेंबर. बॉथेल गावापलीकडच्या एका जुन्या घराची मापं घ्यायला नीलांबरी निघाली, तेव्हा नागपूरहून आलेली शैलामावशीही हौसेने गाडीत बसली. भाचीची काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, पार्क खात्यातली नोकरी तिला बघायची होती.

घर मिसेस हॅल्व्हर्सनचं. तिच्या पणजोबांनी जंगल तोडून, जमीन मोकळी करून बांधलेलं. ऐतिहासिक पार्कसाठी काउंटीने ते कायद्याने ताब्यात घेतलं. म्हातारी शेवटपर्यंत ‘नाही’ म्हणत राहिली आणि उन्हाळ्यात नर्सिंग होममध्ये वारली.

"म्हणजे बाईला घराबाहेरच काढलंत," मावशी म्हणाली.

"मावशी, प्लीज! पाडत नाही आहोत, जपतोय."

"राहणारीच नाही, तर जपता कुणासाठी?"

नीलांबरीने गाडी घरापुढे थांबवली. दाराला बाहेरून काउंटीचं कुलूप होतं. पायरीवर बसून दोघींनी दशम्या सोडल्या. मावशीने आधी एक घास मोडून उंबऱ्याशी ठेवला.

"आता हे काय?"

"घरधनिणीचा. तिच्या दारात जेवतोय ना आपण."

"जंगलातला रॅकून खाईल तो. तुमच्या पिढीला भुतंसुद्धा उपाशी वाटतात!"

मावशी हसली आणि थंडी वाजते म्हणून गाडीत जाऊन बसली.

नीलांबरी लोखंडी खुंट्यांची पिशवी घेऊन मागे गेली. दुपार अजून सरली नव्हती, पण उंच फर झाडांतून धुकं उतरलं आणि बघता बघता त्याने परसदार पुसून टाकलं. ओल्या पाचोळ्याचा वास. कुठेतरी थेंब ठिबकत होते. मग अचानक, चुलीवर भाजल्या जाणाऱ्या पावाचा ऊबदार वास आला...

ती पुढे पाऊल टाकणार, तोच मागून कुणीतरी तिचं कोपर धरलं.

"सोड ना मावशी! मी काय कुकुलं बाळ आहे?"

पकड सुटली नाही. सुरकुतलेली, कोरडी, गार बोटं. झटका देताना तिच्या हातातली पिशवी निसटून पुढच्या शेवाळलेल्या फळ्यांवर पडली. फळ्या कुजलेल्या... कडाकडा मोडल्या. पिशवी खाली गेली. बऱ्याच वेळाने, खूप खोलवर, पाणी वाजलं.

विहीर. काउंटीच्या एकाही नकाशात नसलेली.

"मावशी..." तिने हळूच हाक मारली.

तेवढ्यात घराच्या पुढच्या बाजूने गाडीचा हॉर्न वाजला. मावशी कंटाळली होती.

कोपरावरची बोटं हळूच सुटली. शाबासकी दिल्यासारखी दोनदा थोपटून.

मागे न बघता नीलांबरी भिंतीच्या आधाराने पुढच्या दाराशी आली. गाडीकडे धावावंसं वाटेना. जिवंत राहिली होती ती! पाया पड म्हटलं की नेहमी पळ काढणाऱ्या त्या मुलीने गुडघे टेकून उंबऱ्यावर डोकं ठेवलं.

"थँक यू, मिसेस हॅल्व्हर्सन," ती पुटपुटली. "खरंच... थँक यू."

आतून सावकाश कडी लागल्याचा आवाज आला.

त्या दाराच्या आतल्या कड्या नीलांबरीनेच उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी काढून नेल्या होत्या.