लसणाच्या बोटाचा ठिपका

जांभळ्या बशीत एक पांढरा ठिपका पडला होता, बरोबर माझ्या बोटाएवढा. ठोकळ्या, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव, म्हणाला, "बशी बिघडली. फेकतो."

तो कसा पडला ते मी सांगितलं असतं, तर आबांनी, म्हणजे माझ्या शास्त्रज्ञ आजोबांनी, मला इथे परत पाऊल ठेवू दिलं नसतं. पण आमच्या चंद्रवस्तीचं काय? पाण्याच्या नळ्यांत जीवाणूंनी बुळबुळीत थर धरला होता. तेच जीवाणू बशीत वाढवले होते, त्यांच्याच रंगानं ती जांभळी झाली होती. जालीम औषध ओतावं, तर भाज्यांच्या मुळांतले गुणी जीवाणूही मेले असते. आठवड्यात नळ्या साफ झाल्या नाहीत, तर वस्ती रिकामी करायची होती. माझा जन्मच इथला, मी कुठे जाणार?

"थांब रे," मी म्हटलं. "आबा, तो ठिपका माझा आहे. परवा लसणाची चटणी-भाकरी खाल्ली आणि हात न धुता बशीला बोट लावलं."

"शलाका, तुला रागवायचंय, पण ते नंतर." आबांनी सूक्ष्मदर्शक (बारीक गोष्टी मोठ्या दाखवणारं यंत्र) पुढे सरकवला.

"मेले असणार सगळे," मी न बघताच म्हटलं.

"आधी बघ तरी."

बघते तर काय, चांगले वळवळत होते की! फक्त जांभळा रंग तयार करत नव्हते.

आबा म्हणाले, "एकटा जीवाणू रंग करत नाही, थरही धरत नाही. तो संदेशकण (निरोप नेणारं रसायन) सोडत राहतो. कण विरळ असले, की त्याला कळतं, आपण थोडेच आहोत. दाट झाले, की सगळे एकदम कामाला लागतात. पुरेशी पोरं जमल्याशिवाय तुम्ही रस्सीखेच सुरू करता का?"

मी जरा विचार केला. "म्हणजे लसणानं निरोप पोचू दिला नाही. प्रत्येकाला वाटतंय, आपण एकटेच."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "अगदी बरोबर. जीवाणू जिथे निरोप झेलतो, तिथे लसणातलं द्रव्य आधीच जाऊन बसतं."

आम्ही नळ्यांत लसणाचा अर्क थेंबाथेंबानं सोडला. पाचव्या दिवशी जुना थर पाण्याच्या जोरानं सुटून आला आणि नवा धरलाच नाही. भाज्या टवटवीत राहिल्या. वस्ती वाचली.

आबांनी नोंदवहीत लिहिलं, 'शोध: शलाका खानविलकर. साधन: न धुतलेलं बोट.' मग महिनाभर सगळ्या बशा घासायची शिक्षा दिली. मी ती मान ताठ ठेवून भोगतेय.

आणखी कोण निरोप अडवतं ते बघायला पृथ्वीवरून पन्नास वनस्पती मागवून घेतल्यात. आज हळदीची पाळी आहे. या खेपेला मात्र हात धुतलेत.